मालतीताईंची पिकअप आणि तिची फाइल

आमच्या स्वयंपाकघरात डब्यांपेक्षा झाकणं जास्त आणि झाकणांपेक्षा किस्से जास्त! पोळ्या लाटताना हात अडकलेले असतात आणि तोंड मोकळं, मग दुसरं होणार काय? पण पिकअप विकायच्या त्या एकवीस दिवसांत जेवढे किस्से जमले, तेवढे आधीच्या दहा वर्षांत जमले नव्हते. आज मी ते हसत हसत सांगतेय खरी, तेव्हा मात्र घशाखाली घास उतरत नव्हता.

आधी आम्ही कोण ते सांगते. बडोद्यात सुभानपुऱ्यात मालतीताईंचं घर आहे, त्याच्या खालच्या मजल्यावर आमचं डब्यांचं काम चालतं. मालतीताई मालकीण, वय अठ्ठावन्न. मी शैला; पोळ्या आणि भांडणं ही दोन खाती माझ्याकडे. तिसरी वंदना, सगळ्यांत लहान, मोबाइल आणि गुजराती दोन्ही फाडफाड. रोज दीडशे डबे कोयलीकडच्या एका कारखान्यात जातात. ते पोचवायला पिकअप, आणि पिकअप चालवायला स्वतः मालतीताई! पदर खोचून, चष्मा नाकावर चढवून त्या गेटमधून आत शिरल्या की वॉचमन उठून उभा राहायचा.

त्याच वॉचमनने एक दिवस कागद हातात दिला. येत्या एक तारखेपासून दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी गेटच्या आत येणार नाही. आमची पिकअप अकरा वर्षांची.

नवा टेम्पो बघून ठेवला. बँक बाकीचं द्यायला तयार होती, पण पहिले दोन लाख आपले भरा म्हणाली. ते दोन लाख आमच्याकडे एकाच ठिकाणी होते, पिकअपमध्ये! ती विकली तर टेम्पो, टेम्पो आला तर डबे, आणि डबे गेले तर तिघींच्या चुली. वंदनाचा नवरा वर्षभर घरी बसलेला. माझ्या घरात कमावणारी मीच. हातात दिवस एकवीस.

*

पहिला प्रश्न, किंमत किती सांगायची?

मालतीताई म्हणाल्या, तिघींनी चिठ्ठ्या लिहा आणि परातीत टाका. चिठ्ठ्या उघडल्या. वंदनाने मोबाइलवर बघून लिहिलं होतं, एक लाख साठ. मी लिहिलं होतं, तीन लाख.

"शैलाताई, तीन लाख कुठून आणलेत?" वंदनाने विचारलं.

"भाजीवाल्याला आपण निम्म्याने मागतो की नाही? मग गिऱ्हाईकही निम्म्याने मागणार. दीडपासून चढत चढत दोनवर येईल!"

मालतीताईंची चिठ्ठी मात्र चांगली पानभर होती. त्यात दोन लाख साठ हजारांपासून सुरुवात करून त्या एकेक वजाबाकी करत खाली आल्या होत्या. सेल्फ थंडीत लवकर घेत नाही, पाच हजार वजा. हौद्याचा मागचा फाळका एका बाजूने लोंबतो, तीन हजार वजा. हॉर्न कधी कधी आपणहून वाजतो, पाचशे वजा. असं करत करत त्या दोन लाख दहा हजारांवर येऊन थांबल्या होत्या.

"आता ही वजाबाकी आपणच करून टाकल्यावर गिऱ्हाईक काय करणार?" मी म्हणाले.

"पैसे देणार," मालतीताई म्हणाल्या.

आमचे मेकॅनिक जयंतीभाई तिथेच चहा पीत बसले होते. त्यांनी मान हलवली. "जुओ बेन, किंमत गाडीची नसते, गरजेची असते. तुम्हाला घाई आहे हे कोणाला कळू देऊ नका, बस!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गिऱ्हाइकाचा फोन आला. मालतीताईंनी उचलला आणि नमस्कार झाल्यावर पहिलं वाक्य बोलल्या, "या ना, या. आम्हाला एक तारखेच्या आत विकायचीच आहे!"

*

आता फाइलबद्दल सांगायलाच हवं, कारण आमचं घोडं तिथेच पेंड खात होतं.

मालतीताईंच्या सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या संस्थानच्या दप्तरात कामाला. संस्थान गेलं, दप्तर गेलं, पण लिहून ठेवायची खोड काही गेली नाही. मालतीताईंचे यजमान, आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणायचो, त्यांनी पिकअप घेतली त्या दिवसापासून तिची फाइल ठेवली होती. प्रत्येक पानावर चार रकाने. तारीख, काय झालं, कारण, दुरुस्ती. पंक्चर झालं तरी नोंद! तीन वर्षांपूर्वी भाऊसाहेब गेले, त्यानंतर मालतीताई लिहायला लागल्या.

तर ते पहिलं गिऱ्हाईक आलं, कांद्याबटाट्याचा व्यापारी. गाडीभोवती फिरला, टायर दाबून बघितले, चक्कर मारली. चेहऱ्यावर समाधान दिसत होतं. आम्ही दोघी खिडकीत उभ्या.

"छान," मालतीताई म्हणाल्या. "आता बसा, फाइल वाचून दाखवते."

आणि त्यांनी खरंच वाचायला घेतलं! पान एकपासून! रेडिएटर गळला, कारण, नळी कुजली. फाळका निखळला, कारण, जास्त माल भरला. तीन वर्षांचं वाचून होईपर्यंत त्या माणसाचा चहा गार झाला, सहा वर्षांचं झालं तेव्हा तो उठून उभा राहिला. हात जोडले त्याने.

"बेन, मारे गाडी लेवी छे, एनी साथे परणवुं नथी!"

लग्न नाही लावायचं म्हणे! गेला तो गेलाच. त्याच्या मागोमाग त्या आठवड्यात आणखी तीन गेले, आणि प्रत्येक जण फाइलच्या कुठल्या वर्षाला उठला ते वंदनाने कॅलेंडरवर लिहून ठेवलं. सगळ्यांत चिवट माणूस आठव्या वर्षापर्यंत टिकला.

*

मग वंदनाने मोबाइलवर जाहिरात टाकली. पुढचे चार दिवस तिचा फोन थांबेना. बरं, कोणी गाडी कशी आहे ते विचारेल? छे! एकच शब्द, "लास्ट?" नमस्कार नाही, चमत्कार नाही, शेवटची किंमत विचारायला नुसतं "लास्ट?"

पाचव्या दिवशी अलकापुरीतला एक जण आला. गॉगल, कडक इस्त्री. त्याला पिकअपमध्ये सँडविचचं दुकान काढायचं होतं. गाडी बघून म्हणाला, "काय लुक आहे! असा जुना लुक आता मिळत नाही."

मी मनात म्हटलं, बाई, हाच तो! मालतीताई फाइल आणायला उठल्या तशी मी त्यांना जवळजवळ ढकललंच. "आधी चक्कर मारू द्या ना त्यांना! फाइल काय पळून जातेय?"

चौघं निघालो. तो चालवत होता, शेजारी मालतीताई, आणि मी आणि वंदना मागे हौद्यात. अलकापुरीच्या गरनाळ्यापर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेच्या खालच्या बोगद्यात, ऐन संध्याकाळच्या गर्दीत पुढची रिक्षा थांबली. त्याने हॉर्न दिला.

हॉर्न वाजला. आणि वाजतच राहिला!

बोगद्यात तो आवाज कसा घुमतो ते तुम्हाला सांगून कळणार नाही. पुढचे स्कूटरवाले वळून वळून शिव्या द्यायला लागले. रिक्षावाला उतरून आला. हा बिचारा बटणावर बुक्क्या मारतोय, गॉगल घामाने घसरतोय. आणि दिवस उरले होते अकरा. शेवटी त्याने दार उघडलं, खाली उतरला आणि गाड्यांमधून वाट काढत चालत निघून गेला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही!

मालतीताई सरकून ड्रायव्हरच्या जागी बसल्या. स्टिअरिंगच्या खाली उजव्या हाताने एक चापटी मारली, हॉर्न बंद.

घरी आल्या आल्या त्यांनी फाइल उघडली. हॉर्न अडकला. कारण, गिऱ्हाईक.

*

आता माझं पाप सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

सहा दिवस उरले तेव्हा वाघोडियाकडचा एक ट्रान्सपोर्टवाला येणार होता. फोनवर बोलणं चांगलं झालं होतं. त्या सकाळी मालतीताई देवपूजेला वर गेल्या आणि मी कपाटातून फाइल काढली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि गव्हाच्या पिठाच्या पिंपात खुपसली. वरून पीठ सारखं केलं. हो, केलं! दीडशे डब्यांपुढे मला बाकी काही दिसत नव्हतं.

माणूस आला. जाडजूड, कमी बोलणारा. बॉनेट उघडून कान लावून इंजिन ऐकलं, खाली वाकून बघितलं, चक्कर मारून आला. हॉर्नला त्याने हातही लावला नाही, देवाची कृपा! ओट्यावर बसला आणि म्हणाला, "दोन लाख. आता टोकन दहा हजार, बाकीचे परवा."

वंदनाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

त्याने नोटा पुढे केल्या. मालतीताईंनी घेतल्या. आणि मग म्हणाल्या, "एक मिनिट हं. फाइल राहिली."

कपाट उघडलं. फाइल नाही. वरचा खण बघितला, खालचा बघितला, देवघरात बघितलं.

"असेल हो इथेच कुठेतरी," मी म्हटलं. "नंतर पोचवू त्यांना."

"नंतर कसं? त्यांनी ऐकल्याशिवाय पैसे कसे घेऊ?" आणि मालतीताईंनी नोटा परत त्याच्या हातावर ठेवल्या! "भाई, फाइल सापडली की फोन करते."

तो माणूस एकदा त्यांच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. माझा चेहरा काय झाला असेल कोण जाणे. तो उठला.

"बेन, कागद लपवता म्हणजे गाडीत काहीतरी मोठं आहे." आणि चप्पल घालून गेला.

बघा, फाइल दाखवून चार गिऱ्हाइकं गेली, आणि हे पक्कं झालेलं गिऱ्हाईक ती न दाखवून गेलं! संध्याकाळी वंदना कणीक मळायला बसली. पिंपात हात घातला आणि ओरडली, "अगं बाई, शैलाताई, पिठात हे काय?"

मालतीताईंनी फाइल घेतली. पिशवी काढली, तरी कोपऱ्यांत शिरलेलं पीठ झटकलं. पेन काढलं आणि माझ्यासमोर लिहिलं. फाइल पिठात सापडली. कारण, शैला. दुरुस्तीचा रकाना मोकळा ठेवला आणि वर निघून गेल्या.

*

दोन दिवस आमच्या स्वयंपाकघरात नुसता लाटण्यांचा आवाज. मालतीताई माझ्याशी बोलायच्या त्या वंदनामार्फत. "वंदना, शैलाला सांग पोळ्या वीस कमी आहेत." आणि मी दोन हातांच्या अंतरावर उभी! तिकडे भंगारवाला ऐंशी हजार द्यायला तयार होता, आणि जयंतीभाई खाली मान घालून म्हणाले, "आता तेच करा, बेन."

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या डबे घेऊन गेल्या असताना मी फाइल काढली. पानांत अजून पीठ होतं, ते तरी फडक्याने पुसावं म्हटलं. पुसता पुसता वाचायला लागले. एवढ्या वेळा गिऱ्हाइकांसमोर ऐकली होती, पण माझं लक्ष कायम समोरच्याच्या चेहऱ्यावर. सातव्या वर्षापर्यंत तर कोणी पोचलंच नव्हतं, आठव्यापर्यंत टिकला तो एक सोडून, आणि त्या दिवशी मी पोळ्या लाटत होते.

सातव्या वर्षी भाऊसाहेबांची नजर अधू व्हायला लागली. तेव्हा त्यांनी मालतीताईंना गाडी शिकवली. हे मला माहीत होतं. पानावरचं माहीत नव्हतं.

क्लच प्लेट जळली. कारण, मालती. दुरुस्ती, प्लेट बदलली, मालतीला चहा करून दिला.

फाटकाच्या खांबाला घासली. कारण, मालती. दुरुस्ती, पत्रा ठोकला, चहा करून दिला.

उलट्या गिअरमध्ये गटारात. कारण, मालती. रडत होती. दुरुस्ती, चौघांनी उचलली. चहा, दोनदा.

अशा अकरा नोंदी. अक्षर दर महिन्याला वाकडं होत गेलेलं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. आणि त्यांच्या हातची अगदी शेवटची नोंद. मालती एकटी कोयलीला जाऊन आली. पुढचे दोन्ही रकाने कोरे.

मी तिथेच पाटावर बसून रडले. ही बाई एवढ्या परक्या माणसांसमोर "कारण, मालती" असं वाचायची तयारी ठेवून बसत होती, आणि मी ते पिठात कोंबलं होतं!

त्या आल्या. आलं घालून चहा केला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी कपाकडे बघितलं, मग फाइलकडे बघितलं. एक घोट घेतला.

"साखर कमी आहे," म्हणाल्या. आणि माझ्या नोंदीचा चौथा रकाना भरला.

*

दोन दिवस उरले. भंगारवाल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवायचं ठरलं. आणि त्या दुपारी पाद्र्याहून एक नवराबायको आले. वांगी, पापडी पिकवणारी माणसं. नवऱ्याचा उजवा खांदा मोडून बसवलेला, हात कोपराच्या वर उचलला जात नव्हता. माल बाजारात न्यायला रोज दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याची वेळ. निम्मी भाजी कोमेजून जायची. बायकोचं नाव रमीलाबेन. ती पूर्णवेळ दाराशी उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"गाडी चालवणार कोण?" मालतीताईंनी विचारलं.

नवऱ्याने बायकोकडे बघितलं. बायकोने जमिनीकडे. "शिकेल म्हणतेय," तो म्हणाला. "पण मला काही धीर होत नाही, बेन. जुनी गाडी, त्यात ही नवी."

मालतीताईंनी फाइल काढली. मी डोळे मिटून घेतले. जे व्हायचं ते होऊ दे!

पहिलं वर्ष. दुसरं वर्ष. नवरा अस्वस्थ व्हायला लागला. चौथ्या वर्षी तो म्हणाला, "बौ खर्चाळू छे." सहाव्या वर्षी चप्पल शोधायला लागला. मालतीताई वाचत राहिल्या. सातवं वर्ष आलं. आवाज जरासा अडखळला, पण थांबल्या नाहीत. क्लच प्लेट. कारण, मालती. खांब. कारण, मालती. गटार. रडत होती. चहा, दोनदा.

रमीलाबेन दारातून आत आली. मालतीताईंच्या समोर खाली बसली.

"आ मालती कोण?" तिने विचारलं.

"मी."

"अने हवे?" म्हणजे, आणि आता?

"रोज कोयलीला जाते. एकटी."

तिने ते गटाराचं पान पुन्हा वाचायला लावलं. मग उठली, बाहेर गेली आणि पिकअपच्या दारावर हात ठेवून तशीच थोडा वेळ उभी राहिली. तिथूनच नवऱ्याला म्हणाली, "आ ज लेवी छे. आने टेव छे."

हीच घ्यायची. हिला सवय आहे!

दोन लाख दहा हजार ठरले, एक रुपया कमी नाही. दुसऱ्या दिवशी ते पैसे घेऊन आले आणि मालतीताईंनी किल्लीबरोबर फाइल त्यांच्या हातात दिली. मला राहवलं नाही. मी त्यांना बाजूला घेतलं. "निदान भाऊसाहेबांची ती पानं तरी ठेवून घ्या हो! त्यांचं अक्षर आहे."

"एक पान काढलं की बाकीचं सगळं खोटं," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते. "गाडी जाते तिथे तिचं दप्तर जातं."

*

टेम्पो वेळेवर आला, डबे सुटले नाहीत. पंधरा-वीस दिवस झाले असतील. सकाळी डबे भरायची घाई, आणि मालतीताईंचा फोन वाजला. हात कणकेत, म्हणून वंदनाने स्पीकर लावला. रमीलाबेनच्या नवऱ्याचा आवाज.

"बेन, पाद्राथी बोलुं छुं. क्लच गयो."

माझ्या हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली. आता पैसे परत मागणार! टेम्पोत घातलेले पैसे आणायचे कुठून? वंदना तर पांढरीफटक.

मालतीताईंनी कणकेचे हात झटकलेसुद्धा नाहीत. "कारण?" त्यांनी विचारलं.

पलीकडे मागून एका बाईचा चिडलेला, रडवेला आवाज आला, "लखो ने! लखो मारुं नाम!"

"लिहिलंय, बेन," तो म्हणाला. "कारण, रमीला. प्लेट बदलायला माणूस बोलावलाय. पण त्या चौथ्या रकान्यात..." तो जरा थांबला. "साहेबांनी प्लेट लिहिली, पत्रा लिहिला, ते समजलं. पण दर वेळी चहा का लिहिलाय?"

पोळी करपायला लागली होती. कोणीच उलटली नाही.

"माणूस येईल तेव्हा येईल," मालतीताई म्हणाल्या. "तुम्ही आधी आधण ठेवा."